तळ्यावरच्या छपरातली पोरं

(हलिमाबी पिंजारी यांनी सांगितलं, तसं लिहून घेतलं)

मी मूळची गडमुडशिंगीची. हलिमा माझं नाव, पर सगळं गाव हलिमाबी म्हनतंय. आमचं घर पिंजाऱ्याचं, कापूस पिंजायचा, गाद्या-उश्या भरायच्या. बाबा खांद्याव पिंजायची धनुकली टाकून गावोगाव हिंडायचं, तिच्या ताणलेल्या तातीचा टंगटंग आवाज आला की बायका घरातल्या जुन्या गाद्या भाईर वडून काढायच्या. आमी मुसलमान, पर गावात सगळ्यांच्यात मिळून असायचो. म्हंजे कसं, काय सांगू तुला, दिवाळीला फराळाचं ताट आमच्या घरात यायचं, ईदला शेवया त्यांच्यात कच्च्या जायच्या, शिजवून न्हाय. आमच्या हातचं पानी कुनी प्यायचं न्हाय. त्येचं वाईट वाटायचं असं बी न्हाय, ते तसंच असतंय असं वाटायचं. कुनाचं पानी कोन पितंय आनि कोन न्हाय हे आपल्यात पोराला चालाय यायच्या आदी कळतंय.

लगीन कागलात झालं. नवरा बी पिंजारीच, लई भला मानूस, मोठ्यानं बोलायचा न्हाय. दोन वरसांत तापानं गेला. तवा मी पोटुशी व्हते. मुलगी झाली, तीन म्हैने राहिली आनि ती बी गेली. तिचं नाव मी कुनाला सांगत न्हाय. तू लिहून घेतीयास, तरी बी न्हाय. तेवढं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मग मी परत बाबांच्या घरात आले.

आनि त्याच सुमाराला दुष्काळ पडला. आमच्या संस्थानचं म्हाराज गादीवर येऊन थोडीच वरसं झालती. जोंधळा ईतभर वाढून वाळला, हिरी खाली गेल्या, लोकांनी जनावरं सोडून दिली. अशा दिसांत गाद्या कोन भरून घेनार, सांग की. बाबांची धनुकली खुंटीला लागली ती लागलीच. मग दरबारानं आमच्या गावापासनं कोसभर माळावर तळ्याचं काम काढलं. गड्यांनी खनायचं, बायकांनी बुट्टीनं माती उचलून बांधाव टाकायची, सांजचं धान्य मिळायचं. सगळं गाव तिकडं लोटलं. लांबलांबची मानसं आली आनि माळावरच खोपटी घालून ऱ्हायली. मी बी गेले. डोक्याव बुट्टी घेतली.

आता बायका आल्या म्हंजे पोरं बी आलीच. त्यांना कुठं ठेवायचं? बाभळीखाली फाटकं लुगडं पसरायचं, त्याव पोर निजवायचं आनि मातीला जायचं. बाभळीची सावली ती किती असनार. पोरं रांगत उनात यायची, माती खायाची. माती टाकून माघारी येताना आया लांबनंच माना उंच करून बघायच्या आपलं पोर हाय का जाग्यावर. मी मातर तिकडं बघायची न्हाय. मला बघवायचं न्हाय. एक दिस एका पोराच्या पायावरनं मातीची गाडी गेली. त्या आईची किंकाळी ऐकून सगळ्या माळावरचं काम थांबलं. ती बातमी कशी वर गेली ठाऊक न्हाय, पर थोड्याच दिसांत हुकूम आला की पोरांसाठी छप्पर घाला, त्यांना पेज द्या, सांभाळाय बाया नेमा. दुसऱ्या कामांवर बी अशीच छपरं झालती म्हनं.

कामावरचा कारकून आमच्या रांगंत आला आनि म्हनला, पोरं कोन सांभाळनार? कुनी फुडं येईना. परक्याच्या पोराला काय झालं तर आई फाडून खाईल की. मीच म्हटलं, मी सांभाळते. का म्हटलं ते मला आजपातूर कळलं न्हाय. माझी पोरगी गेल्यापासनं मी एका बी लेकराला हात लावला न्हवता, बहिनीच्या बी न्हाय, आनि तोंडातनं तेच आलं. पयल्या दिशी एक पोर मांडीव घेतलं आनि ते माझ्याकडं बघून हसलं तवा मी एवढी रडले, एवढी रडले, की त्या पोरानं बी भोकाड पसरलं.

पर माझ्या हातचं पोरांना कोन खाऊ देनार? म्हनून रांधायला तानूबाईला नेमलं. तानूबाई कुनब्याघरची, रंडकी, माझ्यापेक्षा थोराड. तिनं पयल्याच दिशी सांगितलं, हलिमा, पान्याच्या रांजनाला हात लावू नगंस बाई, माझ्या मनात काय न्हाय, पर आया पोरं काढून नेतील. वाईट बाई न्हवती. मला तहान लागली की वरनं वंजळीत पानी वतायची. ती पेज करायची, भरवायची. मी पोरं धुवायची, निजवायची, झोळ्या हलवायची. छपराच्या वाशांना इकडनं तिकडं झोळ्या बांधल्या व्हत्या, दुपारी वारं आलं की सगळ्या एकदम हलायच्या.

आनि छपराच्या मागं, भाईरच्या अंगाला, म्हारवाड्यातल्या बायकांची पोरं. दोन काठ्या रोवून त्याव एक तरट टाकलेलं, झाली सावली. त्यांना पेज मिळायची, न्हाय असं न्हाय, पर वरनं घालायची, वाडग्यात. सांभाळाय कुनी न्हाय. असं म्हैनाभर चाललं. आता तू मला इचारशील, तुला दिसत न्हवतं का? दिसत व्हतं की. रोज दिसत व्हतं. पर मी बी रांजनाला हात न लावनारी बाई, मला वाटायचं, आपुन कोन बोलनार.

एक दिस दुपारी वावटळ आली आनि ते तरट उडून गेलं. मी मागं गेले तर सखूची भागी उनात पडलेली. सखू म्हंजे म्हारवाड्यातली, अंगानं काटकुळी पर दोन गड्यांचं काम करनारी. तिची ही भागी धा म्हैन्यांची. पोरीचं व्हट वाळून गेलेलं, डोळं वर फिरलेलं, रडत बी न्हवती. रडत नसलेलं पोर लई वाईट, बाळ, ते ध्यानात ठेव. मी उचललं आनि फुडच्या दारानं आत आले, रिकाम्या झोळीत घातलं. ओल्या फडक्यानं अंग पुसाय लागले आनि म्हटलं, तानूबाई, पानी दे.

तानूबाई तांब्या हातात घेऊन हुबी. ती दाराकडं बघतीया, पोरीकडं बघतीया. मला वाटलं न्हाय देनार. मग ती आली, माझ्या वंजळीत पानी वतलं आनि मी बोटानं थेंब थेंब भागीच्या तोंडात सोडलं. निम्मं पानी माझ्या लुगड्याव सांडलं. पर तिनं पुन्यांदा वतलं.

मग आया आल्या दूध पाजायला. आनि काय इचारू नगंस. सगळ्यात फुडं रखमा. रखमा शेतकऱ्याघरची, नवरा दूर कुठं कामाला गेलेला, ती दिराच्या घरात ऱ्हायची. तिचा नामू वरसाचा. रखमा म्हनली, हे कुनाचं पोर आत आनलंस, आमाला बाटवाय बसलीस व्हय? तिनं नामूला झोळीतनं उचललं आनि तरातरा बाभळीकडं गेली. तिच्या मागं दुसरी, तिसरी. बघता बघता निम्मं छप्पर रिकामं झालं. रिकाम्या झोळ्या तशाच हलत व्हत्या.

तेवढ्यात सखू पळत आली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं ही आता माझ्या पाया पडनार. ती आली, भागीच्या छातीव हात ठेवून बघितलं, आनि माझ्याकडं वळून म्हनली, कुनाला इचारून नेलंस माझं पोर? मी फडकं बाजूला ठेवलं. ती म्हनली, आता आमाला कामावरनं हाकललं तर खायाला तू घालनार हायस? तुझं काय जातंय, तू एकटी. असं म्हनून तिनं भागीला छातीशी धरलं. पोरगी दूध वडाय लागली, तवा कुठं सखू मटकन खाली बसली आनि रडली.

एकटी म्हनली ते मला लई लागलं. पर नंतर इचार केला तर तिचं खरंच व्हतं. पोर वाचवलं ते ठीक, ते करायलाच पायजे व्हतं. पर फुडं काय? निस्तरनार कोन? निस्तरायचं तिनं, आनि मी तिला एका शब्दानं सांगितलं बी न्हवतं. कारकून आला, मला म्हनला, तू शहानी झालीस काय, सायेब तपासनीला येतील तवा तुझा निकाल लावतो. म्हंजे काय झालं बघ, भाईरची पोरं भाईरच, आनि आतली निम्मी बी उनात गेली. हे माझं चांगलं काम!

सांजचं काम सुटल्याव मी सखूच्या खोपटाकडं गेले. ती जोंधळं पाखडत व्हती. मी भाईरच हुबी ऱ्हायले आनि म्हटलं, सखू, पोर उचललं त्येचं मला काय वाटत न्हाय, पर नंतर तुला हाक मारायला पायजे व्हती, ते चुकलं. आता तूच सांग काय करायचं. सूप वाजत ऱ्हायलं. मग ती म्हनली, बस.

मी बसले. ती म्हनली, आमची पोरं आत पायजेत. सावली कुनाला नगं असती? पर एकटी भागी न्हाय, सगळी. आनि सायबाला आमीच इचारनार, तू न्हाय. तू निस्ती संगं हुबी ऱ्हा. मी म्हटलं, बरं. त्या दिशी मी जे शिकले ते मला पुन्यांदा कुनी शिकवायची गरज पडली न्हाय.

सायेब आलं घोड्यावरनं, सकाळच्या पारी. लोक आता सांगत्यात की खुद्द म्हाराजच आलतं, म्हाराजांनी भागीला कडंवर घेतलं. मी तसं सांगनार न्हाय. म्हाराज मी आयुष्यात एकदाच बघितलं, लांबनं, गाडीत, तेबी धुरळ्यात. हे दरबारचं कोन तरी सायेब व्हतं, नाव मला म्हाईत न्हाय. सखू आनि तिच्या संगं चार बाया वाटंत जाऊन हुब्या ऱ्हायल्या. कारकून म्हनला, सरका, सरका. त्या सरकंनात. मी त्यांच्या मागं हुबी. सखूचा पदर डोक्यावरनं घसरला तरी तिनं सावरला न्हाय. ती म्हनली, सायेब, आमी उचललेली माती आनि त्यांनी उचललेली माती एकाच बांधाव पडती. ती आदी येगळी करून दावा, मग आमची पोरं येगळी ठेवा.

सायबानं कारकुनाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बोट केलं. मग मला म्हनलं, पोर आत तू नेलंस? मी म्हटलं, व्हय. कुनाच्या हुकमानं? मी म्हटलं, हुकूम कुनाचा न्हवता, पोर उनानं तापलं व्हतं. सायेब खाली उतरलं, छपराच्या मागं जाऊन त्या दोन काठ्या बघून आलं, आनि कारकुनाला म्हनलं, कामावरच्या बायकांच्या पोरांसाठी छप्पर असा हुकूम हाय, ह्यातली कामावर न्हाय अशी बाई मला दावा. कारकुनानं वही उघडली. लिहून घ्या म्हनलं, सगळी पोरं आत. आनि घोड्याव बसून गेलं. बास, एवढंच.

हुकूम झाला म्हनून काय मानसं फिरत्यात व्हय? सखूकडची पोरं आत आली, तर बाभळीखालची आत येईनात. मी रोज तिकडं जायची. माझ्या हातचं चालायचं न्हाय म्हनून तानूबाई पेज घेऊन यायची आनि मी निस्ती पोरांची अंगं पुसायची. रखमा पयल्यांदा तोंड फिरवायची. मी काय समजवाय गेले न्हाय तिला. एक दिस तीच बोलाय लागली, हलिमा, माझ्या मनात काय न्हाय, पर दिरानं सांगितलंय, पोर त्या छपरात दिसलं तर घरात पाय ठेवू नगंस. नवरा हितं न्हाय, मी जायाचं कुठं? आनि तिच्या डोळ्यांत पानी आलं. मला वाटत व्हतं तिच्या अंगात माज हाय. तिच्या अंगात भ्या व्हतं, निस्तं भ्या.

मी सखूला सांगितलं. मला वाटलं ती म्हनंल, भोगू दे. सखू हसली. म्हनली, छपराच्या भाईरच्या मेढीला, त्या खांबाला, तिची झोळी बांध की, वळचनीखाली. सावली छपराची, आनि दिराला सांगाय झालं की पोर भाईर हाय. आमची म्हैनाभर भाईर व्हती, तिचं चार दिस ऱ्हाईल, काय मरत न्हाय.

तसंच केलं. नामूची झोळी भाईर, भागीची आत. मधी निस्ता काटक्यांचा कुड. आनि ही दोघं कुडाच्या फटीतनं एकमेकाला बोटं दावायची. मग बाकीच्या बी एकेक करून आल्या. कुनी तरी आत मधोमध दोरी बांधली, ह्या अंगाला आमची, त्या अंगाला तुमची. पोरं दोरीखालनं रांगत जायची, तुला सांगते, दिवसातनं शंभरदा जायची. तानूबाई पयल्या दोन दिस उचलून उचलून परत ठेवत व्हती. तिसऱ्या दिशी म्हनली, माझी कंबर गेली बाई, जाऊ देत कुठं जात्यात तिथं. एका दुपारी मी बघितलं तर भाईरच्या मेढीची झोळी न्हाय. आत बांधलेली, नामू तिच्यात निजलेला. रखमा कवा आली, कवा बांधली, आमाला कळलं न्हाय. दिराला कळलं का न्हाय ते आमी इचारलं न्हाय.

रांजनाचं मातर तसंच ऱ्हायलं. तळ्याचं काम सुटंपातूर मी रांजनाला हात लावला न्हाय, आनि कुनी लाव म्हनलं बी न्हाय. तुला खरं तेच सांगते. सगळं एकदम होत न्हाय.

फुडं पलेग आला. लोकांनी घरं सोडून माळावर झोपड्यांत ऱ्हायचं असा हुकूम निघाला. छपराव पोरं सांभाळनारी बाई म्हनून मला बोलवनं आलं, दारोदार जाऊन बायकांना समजवाय. भली भली मानसं हुंबरा सोडायची न्हाईत. एक कोष्टी म्हातारा तर दाराला कडी लावून बसलेला. शिपाई म्हनलं, दार मोडू. मी म्हटलं, जरा थांबा. दाराशी बसले आनि इचारलं, आजोबा, काय आडलंय? आतनं आवाज आला, माझ्या कोंबड्यांना कोन बघनार? एवढंच व्हतं बघ. त्यानं कडी काढली, मी चार कोंबड्या बुट्टीत घालून डोक्याव घेतल्या आनि म्हातारा माझ्या मागनं गपगुमान चालत आला. शिपाई हसत व्हतं. हसू देत.

त्येच्यानंतर मला शहरात दवाखान्यात आया म्हनून घेतलं. तिथं माझी सगळी उमर गेली. म्हाराजांच्या शेवटच्या वरसांत हुकूम आला, दवाखान्यात, शाळंत, पानवठ्याव कुनाला येगळं ठेवायचं न्हाय. तो कागद भिंतीला लावला. मला वाचाय येत न्हाय, मी कंपौंडरकडनं दोनदा वाचून घेतला. त्या दिशी मी सखूला सांगाय जानार व्हते, पर ती तवा ऱ्हायली न्हवती. आनि कागद लागला तरी लोक सवयीनं भाईर पायरीखालीच हुबी ऱ्हायची. मग मी एकेकीपाशी जाऊन म्हनायचं, आत बसायचंय का? व्हय म्हनली तर हाताला धरून बाकड्यापातूर न्यायचं. न्हाय म्हनली तर मी बी तिच्याजवळ हुबी ऱ्हायची. किती वरसं हे केलं, मोजलं न्हाय.

तू मुंबैला शिकाय निघालीस, म्हनतीस की अशा कामाचं आता तिथं शिक्षान मिळतंय, समाजकार्य म्हनत्यात, त्येची परीक्षा असती, नोकरी असती. ऐकून मला लई बरं वाटलं. नोकरी असावी, ह्ये फुकटचं काम न्हाय. जा, चांगली शिक. पुस्तकात काय असंल ते असंल, पर मानसाच्या मागं हुबं ऱ्हायला बी शिक, फुडं हुबं ऱ्हायला सगळ्यांना येतंय. आनि दमलीस तर बस. दमलेल्या बाईनं दुसऱ्याचं पोर घेऊ नये, ती त्याच्याव खेकसती. मी बी खेकसले हाय कैकदा, त्येचं मला अजून वाईट वाटतंय. अल्ला तुझ्या हाताला यश देवो.

म्हाराज जाऊन आता लई वरसं झाली. मी शहरातच भाच्याच्या घरात ऱ्हाते, पाय सुजत्यात, डाव्या डोळ्याला दिसत न्हाय. समदं बदललं असं मी म्हननार न्हाय, आमच्याच गावात कुठल्या हिरीव काय चालतंय ते मला ठाऊक हाय. भाचा म्हनतोय, मावशी, आता घरात बस. पर सकाळी मला घरात बसवत न्हाय. मी काठी टेकत दवाखान्याच्या पायरीव जाऊन बसते. कुनी नेमलेलं न्हाय मला.

परवा एक पोरगी आली, पयल्यांदाच आली असंल, मी काय तिला वळखत न्हाय. डोक्याव पदर, पायात धुरळा, अंगात ताप, आनि कडंला लेकरू. डाक्तरानं आतनं हाक मारली. तिनं इकडंतिकडं बघितलं. माझं नाव इचारलं न्हाय, कुठल्या गावची, कुनातली, काय म्हनजे काय इचारलं न्हाय. धरा वो मावशी जरा, म्हनली, पोर माझ्या मांडीव ठेवलं आनि आत गेली.